पाठमोरीचं तोंड

नळाच्या तोटीवर पाण्याचा थेंब बसवता बसवता तिला स्वतःचं तोंड दिसलं. आरशात नव्हे. शेजारच्या टेबलावर कुरळीच्या मोबाइलभोवती ऑफिसातली चार डोकी जमली होती, आणि त्या डोक्यांच्या फटीतून ते तोंड वर, थेट छताकडे बघत होतं. किंचित उघडे ओठ, डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर, डोळ्यांखाली सुजेची जाडसर घडी. तिचा हात माउसवर तसाच राहिला आणि पडद्यावरचा थेंब तोटीवरून घसरून मागच्या फरशीत अर्धा रुतून बसला. ती बाथरूमं बनवते. खरी नव्हेत, कॅटलॉगात छापायची. फरशा, नळ, बेसिन, काचेची दारं, सगळं संगणकावर उभं करायचं, त्यावर सकाळचं ऊन सोडायचं, आणि जिथे कुणी कधी आंघोळ करणार नाही अशी जागा लोकांना हवीहवीशी वाटेल असं बघायचं. थेंब मात्र एकच ठेवायचा. मालकांचा तसा दंडकच आहे. एक थेंब म्हणजे ताजेपणा, दोन थेंब म्हणजे गळका नळ. हे काम ती इतकी वर्षं करतेय की लोकांच्या घरी गेल्यावर हात धुताना तिला आधी नळाची किंमत कळते आणि मग पाणी गार आहे हे कळतं.

कुरळी म्हणजे शेजारी बसणारी मुलगी. केसांवरून तिला सगळे कुरळी म्हणतात आणि तीही बिनतक्रार ओ देते. तिनेच हाक मारली, मॅडम, हे बघा, भुताचं तोंड सापडलं. मोबाइलवरच्या व्हिडिओत कुणी एक उत्साही माणूस होता. जुने, पडलेले, कुणालाही न आठवणारे संगणकावरचे खेळ शोधून काढायचे, ते खेळायचे आणि खेळताना अखंड बडबड करायची, एवढाच त्याचा उद्योग. आज त्याच्या हाती एका भयपट मालिकेवरून काढलेला जुना खेळ लागला होता. सिनेमे लोकांना आठवतात, त्यावरून खेळही निघाला होता हे मात्र कुणाच्या गावीही नाही, असं तो पुनःपुन्हा सांगत होता. खेळातलं भूत, पाठमोरी तिचं नाव, कायम पाठमोरं. तुम्ही कुठूनही पुढे जायला बघा, ते वळतं आणि पाठच दाखवतं. या माणसाने काय केलं, तर जिन्याच्या कठड्यावर चढून थेट भुताच्या डोक्यावर उडी घेतली. डावीकडे वळावं की उजवीकडे हे भुताला कळेना. ते जागच्या जागी थरथरलं आणि मग त्याने मान वर केली. केस दोन बाजूंना ओघळले. आत तोंड होतं.

चौघंही मोबाइलवर आणखी वाकली. मग कुणीतरी म्हणालं, हिला आधी सुट्टी द्या रे, आणि सगळी हसली. कुरळी म्हणाली, नाही पण खरंच, किती जिवंत केलंय, अंगावर काटा आला. तीही थोडी हसली. हाकेसरशी उठून ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली होती, तीच भुवई, तोच ओठ घेऊन, वर तेवीस-चोवीस वर्षं जास्तीची. एकाचीही नजर मोबाइलवरून तिच्यावर आली नाही. आली असेल, पण थांबली नाही. 'ती मीच' एवढेच शब्द होते, अगदी ओठांवर आले होते, पण तेवढ्यात मालक आतून येऊन करड्या फरशीचं काय झालं ते विचारायला लागले आणि सगळी आपापल्या जागी पांगली. ती खाली बसली. टेबलाखाली सवयीप्रमाणे उजवी टाच चपलेतून बाहेर काढली. रुतलेला थेंब उपसून पुन्हा तोटीवर बसवला. आणि तेव्हा तिच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं की सांगायचं नाही. ज्याला ओळखायचं त्याने आपणहून ओळखावं. हा हट्ट पोरकट आहे हे तिला कळत होतं. तरी मन एकदा अडून बसलं की बसलं.

दुपारभर फरशांचे सांधे जुळवताना तिला ती जुनी, खेळ बनवणारी कंपनी आठवत राहिली. इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडक्यांना काळा कागद, आणि प्रत्येकाच्या टेबलावर एक छोटा आरसा. बाहेरचं कुणी आलं तर त्याला वाटायचं, काय नटवी माणसं आहेत. पण आरशावाचून ते कामच व्हायचं नाही. हसताना गाल कुठे जातो, दचकल्यावर हनुवटी मागे सरते की पुढे, हे दुसऱ्याला सारखं कोण विचारणार? मग आपलंच तोंड वापरायचं. राक्षस, पोलीस, म्हातारी, जो कुणी बनवायचा असेल त्याच्यासाठी आरशासमोर वेडीवाकडी तोंडं करायची. त्या दिवसांत तिला स्वतःचा चेहरा फार ओळखीचा होता, शिंप्याला गिऱ्हाइकाचं माप असतं तसा.

पाठमोरीच्या सिनेमांवर खेळ काढायचं काम त्यांना कसं मिळालं ते तिला कधीच कळलं नाही. मोठ्या कंपन्यांनी नाकं मुरडली असणार. सिनेमांत ती बाई वसतिगृहाच्या बोळात टोकाला उभी असायची, पाठ करून. तिचं तोंड ज्याने पाहिलं तो मेला, आणि प्रेक्षकांना ते कधीच दिसायचं नाही. सिनेमावाल्यांचा माणूस येऊन बजावून गेला होता की काहीही करा, तोंड दिसता कामा नये, तोंड दिसलं की आमचं दुकान बंद. तो गेल्यावर दाढी खो खो हसला होता. दाढी म्हणजे खेळाच्या हालचाली लिहिणारा. तो म्हणाला, सिनेमात कॅमेरा यांच्या हातात असतो, म्हणून यांचं झाकलेलं झाकलेलं राहतं. खेळात तो पोराच्या हातात. पोरगं पुढे जाऊन बघणार नाही तर काय करेल? मग त्यानेच तोड काढली. तू डावीकडून ये, ती उजवीकडे वळेल. तू पळत ये, ती त्याहून जोरात वळेल. भोवती गोल गोल फिरून फिरून पोरं कंटाळली, पण तोंड दिसलं नाही. दाढीने चारी बाजूंचा विचार केला होता. वरून कुणी येईल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्यापैकी कुणाच्याच आलं नाही. त्यांची सगळ्यांची आयुष्यं जमिनीवरून चालत होती.

तोंडाच्या जागी सपाट काहीतरी ठेव, दिसणार थोडंच आहे, असं तिला सांगितलं होतं. पण सपाटीवर केस बसेनात. आत शिरत, मानेतून बाहेर येत, कधी सगळी बट हवेत तरंगत राही. म्हणून तिने कपाळ काढलं, मग नाक, मग हनुवटी. तेवढं पुरलं असतं. डोळ्यांची गरज नव्हती, ओठांची तर मुळीच नव्हती. तरी ती थांबली नाही. दोन दिवसांच्या कामावर तिने आठवडे घालवले, दाढीने दोनदा विचारलं, केस एवढे अवघड जाताहेत का, आणि ती हो म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या वाट्याला असं काम आलं होतं जे कुणी बघणार नव्हतं. तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं. सासरी सगळे म्हणत, सून हसतमुख आहे हं. ते ऐकलं की तिला आणखी हसतमुख व्हावं लागे. सकाळी घरातून निघताना चेहरा नीट लावायचा, कंपनीत साहेबांपुढे तरतरीत करायचा, संध्याकाळी दार उघडण्याआधी पुन्हा सारखा करायचा. तिला दुःख असं काही नव्हतं. नवरा चांगला होता, सासूसासरेही वाईट नव्हते. ती फक्त दमलेली होती, आणि दमायला कारण लागतं असं सगळ्यांना वाटत असल्यामुळे ती ते कुणाला सांगत नव्हती. आरशासमोर बसल्यावर मात्र ती तोंड सैल सोडायची. गाल खाली यायचे, ओठ आपोआप उघडायचे. जे दिसेल ते तसंच्या तसं पडद्यावर उतरवायचं आणि वरून केसांचा पडदा टाकायचा. शेवटच्या दिवशी केस सोडताना तिला कुणाला तरी झोपवून पांघरूण घातल्यासारखं वाटलं होतं.

पुढे खेळाचं जे व्हायचं ते झालं. खेळ दुकानात यायच्या आधी तिसरा सिनेमा सपाटून आपटला. एका समीक्षकाने लिहिलं, हे भूत आहे की रुसलेली सून? कंपनीत ते कात्रण भिंतीवर लावून सगळे हसले, तीही हसली. मग खेळाच्या डब्या दुकानांच्या दाराशी, मोजे आणि रिकाम्या कॅसेटांच्या शेजारी जाऊन पडल्या, कंपनीने गाशा गुंडाळला आणि दाढी दुसऱ्या शहरात गेला. पुढे त्याने दाढी काढल्याचं कानावर आलं. तेव्हा आता त्याला काय म्हणायचं असा प्रश्न तिला पडला होता, पण त्याच्याशी बोलायचा प्रसंगच आला नाही. मग मुलगी झाली. मग बाथरूमं. आरसा कधीतरी मुलीच्या हातून फुटला आणि नवा आणायचं राहून गेलं, फरशीला कुठे हसायचं असतं?

संध्याकाळच्या बसमध्ये तिला उभं राहायला खांबाजवळची जागा मिळाली. खिडकीच्या काचेत तोंड दिसत होतं, पण पलीकडच्या दुकानांचे दिवे त्यातून आरपार जात होते, त्यामुळे नीटसं कळत नव्हतं. रविवारी मुलगी नोकरीसाठी दूर जाणार होती. जाऊ नये असं मुळीच नाही. जावंच. पण जाताना ती आपलं काय घेऊन जाणार, हा विचार आज नव्याने टोचायला लागला होता. मुलगी पहिलीत असताना बाईंनी 'माझं घर' काढायला सांगितलं होतं. बाबा काढला होता दात दाखवणारा, स्वतःला काढलं होतं बाबाएवढंच उंच, आणि कडेला आई, पाठमोरी, अंबाडा घातलेली, संगणकासमोर. बाईंनी विचारलं, आईचं तोंड कुठाय? तर म्हणे, आई अशीच असते. पालकसभेत बाईंनी कौतुकाने ते सांगितलं होतं आणि सगळे पालक हसले होते. तीही हसली होती. आत्ता बसमध्ये तिला वाटलं, आपण आयुष्यात फार ठिकाणी नुसतं सगळ्यांबरोबर हसून घेतलं. संगणकासमोर पाठ, ओट्यासमोर पाठ, बेसिनसमोर पाठ. आणि वळताना चेहरा सारखा करून वळायचं. पोरीचा यात काय दोष? तिला जे दिसलं ते तिने काढलं. पण रविवारी तिने तेच बॅगेत घालून न्यावं हे तिला सहन होईना. पुढच्या थांब्यावर चढलेल्या बाईने तिला विचारलं, तुम्ही उतरताय का. ती नाही म्हणाली.

घरी दारातच नवरा बसून बूट काढत होता. तो लिफ्ट तपासतो. दिवसभर लोकांच्या इमारतींच्या पोटात शिरून दोर कुठे झिजलाय, कप्पी कुठे घासतेय ते बघायचं, त्यामुळे झीज दिसली की त्याला राहवत नाही. तिच्या चपला उचलून त्याने पुन्हा तेच म्हटलं, उजवीचा पट्टाच कसा सैल होतो तुझ्या, एका पायावर चालतेस की काय. हे तो दर जोडाला म्हणतो. ती दर जोडाला म्हणते, चालते, मग? आज ती तशीच आत गेली, आणि त्याच्या ते लक्षात आलं नाही. बैठकीत मुलीची बॅग आ वासून पडली होती. स्वेटर न्यायचा की नाही यावर बापलेकीचं सकाळपासून वाजलं होतं, ते जेवतानाही वाजत राहिलं. जेवून ती उठली, भांडी गोळा केली आणि बेसिनशी उभी राहिली. त्यांचं स्वयंपाकघर बोळासारखं आहे, एका टोकाला टेबल, दुसऱ्या टोकाला बेसिन, बेसिनच्या एका बाजूला फ्रीज आणि दुसऱ्या बाजूला भांड्यांची मांडणी.

मागून तिला तो उत्साही आवाज ऐकू आला. मुलीच्या मोबाइलवर तोच माणूस, तीच बडबड. म्हणजे ते तोंड शहरभर फिरत होतं. मुलगी बापाला म्हणाली, बघ ना, कसला भारी आहे, तोंड शोधून काढलं त्याने. तिने पातेल्यावरचा हात थांबवला. जिन्याचा आवाज, उडीचा आवाज, मग बडबडही थांबली. आता ओळखतील म्हणून ती कान देऊन उभी राहिली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. नवरा म्हणाला, आजारी दिसतेय बाई. मुलगी म्हणाली, ह्यात घाबरायचं काय कळत नाही, झोप झाली नाहीये तिची, एवढंच. मग नवऱ्याने पुन्हा स्वेटरचा विषय काढला.

तिने पातेलं घासायला घेतलं. राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, रागाला निदान ऊब असते. तिला नुसतं जड झालं, खांद्यांपासून खाली, ओली चादर टाकल्यासारखं. तिने स्वतःला समजावलं की बरोबरच आहे, बावीस वर्षांची पोरगी, तिच्या जन्माआधीचं तोंड, ते ती कुठून ओळखणार? आणि नवरा? त्याने तेव्हाही हसतमुखच पाहिली होती. दाखवलंच नाही ते ओळखा असं म्हणणं म्हणजे कमालच. हे सगळं पटत होतं. पटूनही ते तसंच जड राहिलं. नळाचं पाणी वाहत होतं, आणि ते बंद करायला हात उचलणंसुद्धा तिच्या जिवावर आलं.

मागे मोबाइल पुन्हा सुरू झाला होता. या वेळी सुरुवातीपासून, बडबड बंद करून. लांबलचक बोळ, टोकाला ती. मुलीने तो भाग पुन्हा मागे नेऊन पाहिला. मग म्हणाली, "आई, हलू नकोस."

तिला वाटलं, पाल वगैरे असेल. ती तशीच उभी राहिली.

"बाबा, इकडे बघ. आता हे बघ. आता आईकडे बघ."

खुर्ची सरकली. नवरा डोळे बारीक करून बघत असणार, दोराकडे बघतो तसा. आणि मग तिला स्वतःचं भान आलं. उजवा खांदा खाली पडलेला. उजवी टाच घरातल्या चपलेतून बाहेर, आणि ती टाच डाव्या पोटरीवर हळूहळू घासली जात होती. सिनेमातली बाई काठीसारखी ताठ उभी असायची, पण खेळात तसं उभं केलं की माणूस बंद पडल्यासारखं वाटे, म्हणून दाढी म्हणाला होता, तू जरा खिडकीशी उभी राहा, मी मागून चित्रण करतो. सुरू करू का म्हणून त्याने विचारलं तेव्हा त्याचं चित्रण कधीच होऊन गेलं होतं. त्यावरून तिने पाठमोरीला उभं केलं होतं. आणि ती ते पार विसरून गेली होती. तिचा सगळा जीव त्या तोंडात होता.

"पट्टा," नवरा म्हणाला. "अरे, पट्टा म्हणूनच सैल होतो."

मुलगी उठून बेसिनशी आली. ती फ्रीजच्या बाजूने पुढे झाली आणि वाकून बघायला लागली, तशी ही सवयीने मांडणीकडे वळली. चेहरा सारखा करायला तिला एवढासा वेळ हवा होता, नेहमी लागतो तेवढाच. मुलगी मागून फिरून मांडणीच्या बाजूला आली. ही फ्रीजकडे वळली. काहीतरी बोलून हसावं, हात ओले आहेत म्हणावं, असं तिच्या मनात आलं, पण गाल वर उचललेच जाईनात. तिने दोन्ही हात बेसिनच्या कडेवर टेकले.

"आई, थांब ना."

ती थांबली. मुलगी फ्रीज आणि तिच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरली, कशीबशी, पाठ फ्रीजला घासत, आणि अगदी समोरून तिच्याकडे बघायला लागली. हिने तोंड सैल सोडलं. ओठ आपोआप उघडले. मुलीच्या हातात मोबाइल होता, पण तिने तो वर धरून ताडून पाहिला नाही. मुलीच्या डोळ्यांत हळूहळू पाणी भरत गेलं.

"कधीपासून गं?" मुलीने विचारलं.

"तुझ्यामुळे नाही," ती म्हणाली. "तू व्हायच्या आधीपासून."

नवरा मागून आला. त्याने तिच्या खांद्यावरून हात लांब करून नळ बंद केला, आणि तिथेच उभा राहिला.